पार्श्वभूमी : 'खबऱ्या' म्हणजे कोण?

पोलिसांच्या कागदपत्रांत एक वाक्य ठरलेले असते : 'गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली की…' हाच बातमीदार ठाण्याबाहेर, चहाच्या टपरीवर 'खबऱ्या' होतो, मुंबईत 'खबरी'. काम तेच, मान मात्र उतरतो.

'खबर' हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. त्यात वाईट काहीच नाही. सावध तो खबरदार, ख्यालीखुशाली ती खबरबात. हिंदीतला 'मुखबिर'ही त्याच मुळाचा. डंख आहे तो शेवटच्या 'या'मध्ये. रम्या, पक्या म्हणताना जी सलगी असते, तिचीच इथे तुच्छता होते. 'खबऱ्या आले' असे कुणी म्हणत नाही. तो नेहमी 'आला'च.

हेरगिरीला मात्र आपण कधी कमी लेखले नाही. शिवरायांचे हेर बहिर्जी नाईक यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. हेर शत्रूच्या गोटात शिरतो, खबऱ्या आपल्यातल्याच माणसाचा ठावठिकाणा सांगतो. राग आहे तो याचा.

पुण्याने हा राग पाहिला आहे. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारने माहिती देणाऱ्याला २०,००० रुपयांचे बक्षीस लावले. गणेश द्रविडने दिलेल्या माहितीवरून दामोदर चापेकर पकडले गेले. १८ एप्रिल १८९८ला त्यांना फाशी झाली. फेब्रुवारी १८९९मध्ये एका रात्री पोलीस साहेबाने बोलावल्याचा निरोप देऊन गणेश आणि रामचंद्र या द्रविड बंधूंना घराबाहेर काढण्यात आले. दामोदर यांचे भाऊ वासुदेव चापेकर आणि साथीदार महादेव रानडे यांनी त्यांना गोळ्या घातल्या.

खबर कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलिसावर करता येत नाही, असे १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम १२५ सांगत होते. १ जुलै २०२४पासून आलेल्या नव्या कायद्यातही हे संरक्षण आहे. कागदावर नाव नसते ते यामुळे.

गडचिरोलीत मात्र नुसता संशय पुरला आहे. 'पोलीस खबऱ्या' ठरवून माओवाद्यांनी तिथे अनेक गावकऱ्यांना मारले. अशा वेळी 'खबऱ्याची हत्या' असा मथळा देऊ नये. 'संशयावरून' हा शब्द गाळला की मारणाऱ्यांचा आरोप आपणच खरा ठरवतो, आणि त्या माणसाच्या बायकापोरांना त्याच गावात राहायचे असते.