नाताळी कॉकटेल बार

नाताळच्या हंगामातले पाच-सहा आठवडे सजावट, पेयांची यादी, पेले, गाणी आणि कर्मचाऱ्यांचे कपडे असे सगळेच नाताळच्या रंगात बुडवून चालवलेला बार. ही मुख्यतः अमेरिकी शहरांतली प्रथा असून गेल्या दशकात ती युरोपातही पसरली. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असते. त्या सुमारास असे बार सुरू होतात आणि ३१ डिसेंबरच्या आसपास आवरले जातात. दारावर चांदणी टांगली आणि यादीत एक गरम वाइन वाढवली, एवढ्याने बार नाताळी होत नाही. एरवीचा बार ओळखू येऊ नये, इतका तो बदललेला असावा अशी अपेक्षा असते. बऱ्याच ठिकाणी भिंतींना भेटवस्तूंचा चकचकीत कागद चिकटवतात. छतावरून झगमग माळा, गोळे, खेळण्यांतले सैनिक आणि उलटी टांगलेली नाताळची झाडे लोंबत असतात. उंच माणसाला वाकूनच चालावे लागते.

नाताळ आणि मद्य यांचा अमेरिकेतला संबंध सुरुवातीपासून गोडीगुलाबीचा नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, मंडळींना हा सण म्हणजे दारू पिऊन धिंगाणा घालण्याचे निमित्त वाटे. १६५९ मध्ये त्यांनी तो साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठोठावणारा कायदा केला. तो १६८१ मध्ये मागे घेतला गेला, पण त्यामागची भीती अगदीच निराधार नव्हती. १८२६ च्या नाताळात वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतल्या कॅडेटांनी चोरून व्हिस्की आत आणली आणि एगनॉग, म्हणजे अंडी, दूध, साखर घालून केलेले मद्य, ढोसून बराकीत दंगल केली. खिडक्या फुटल्या, जिन्याचे कठडे मोडले आणि पुढे १९ जणांवर लष्करी खटला चालला. हा प्रकार ‘एगनॉग दंगल’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यानंतर शतकभराने आलेली देशव्यापी दारूबंदी १९३३ च्या ५ डिसेंबरला उठली, ती नेमकी नाताळाच्या तोंडावर. त्या वर्षी तेरा वर्षांनंतर प्रथमच सण उघडपणे पेला हातात घेऊन साजरा झाला.

आजच्या नाताळी बारच्या यादीत जी जुनी पेये टिकून आहेत, त्यांत ‘टॉम अँड जेरी’ सर्वांत रोचक आहे. मांजर-उंदराच्या चलच्चित्राशी याचा संबंध जोडू नये. हे पेय त्याहून शंभरेक वर्षांनी जुने आहे. एकोणिसाव्या शतकातला नामांकित बारटेंडर जेरी टॉमस हे पेय आपणच शोधल्याचे सांगत असे. परंतु त्याचा जन्म १८३० चा आणि पेयाचे उल्लेख १८२० च्या दशकातले, त्यामुळे तो दावा बाद होतो. कृती निगुतीची आहे. अंड्यांतला पिवळा बलक आणि पांढरा भाग वेगळा करायचा. बलकात साखर, जायफळ, दालचिनी, लवंग घालून तो दाट होईपर्यंत घोटायचा. पांढरा भाग उभा राहील इतका फेटायचा आणि बलकात हलक्या हाताने मिसळायचा. हे सरसरीत मिश्रण चमचाभर मगमध्ये घालून त्यावर रम आणि ब्रँडी ओतायची. मग वरून कढत दूध किंवा पाणी घालताना ढवळत राहायचे, नाहीतर अंडे शिजून गुठळ्या होतात. नीट जमले तर वर साबणाच्या फेसासारखा पांढरा थर येतो, त्यावर जायफळ किसतात. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा या थंड राज्यांत हे पेय अजून घरोघरी टिकून आहे. तिथल्या किराणा दुकानांत डिसेंबरात या मिश्रणाचे तयार डबेही मिळतात. पांढऱ्या अपारदर्शक काचेवर जुन्या वळणाच्या अक्षरांत पेयाचे नाव लिहिलेले वाडगे आणि पेले विसाव्या शतकाच्या मध्यावर लग्नात आहेर म्हणूनही दिले जात. आता ते जुन्या बाजारात सापडतात.

सजावटीसाठी गर्दी खेचणारे बारही नवे नाहीत. शिकागोतला ‘बुच मॅकग्वायर्स’ १९६१ मध्ये उघडला आणि त्याच्या नाताळी सजावटीची ख्याती अनेक दशकांची आहे. डोक्यावरून खेळण्यातल्या आगगाड्या धावतात. न्यूयॉर्कमध्ये थर्ड अव्हेन्यूवर ‘रॉल्फ्स’ नावाचे जर्मन उपाहारगृह आहे. तिथल्या छताचा इंचही दिव्यांविना आणि बाहुल्यांविना मोकळा दिसत नाही. नाताळ उलटून गेला तरी ती आरास बरेच महिने उतरत नाही. दोन्ही ठिकाणे मुळात शेजारपाजारच्या गिऱ्हाइकांची. आराशीचे वेड मालकाचे, आणि ती दरसाल थोडीथोडी वाढत गेलेली. पुढे आलेल्या प्रकाराशी तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा.

हा पुढचा प्रकार म्हणजे ‘मिरॅकल’. कॉकटेलची उपकरणे आणि जुन्या पाककृतींच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या विकणाऱ्या ‘कॉकटेल किंगडम’ या कंपनीचे संस्थापक ग्रेग बोम २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये, नाइन्थ स्ट्रीटवर, ‘मेस’ नावाचा बार बांधत होते. काम अर्धवट आणि हिवाळा तोंडावर, अशा वेळी त्यांच्या आईने सुचवले की बांधकाम थांबवून त्याच अर्धवट जागेत महिनाभर नाताळचा बार चालवावा. उघड्या भिंती सजावटीने झाकल्या गेल्या आणि ‘मिरॅकल ऑन नाइन्थ स्ट्रीट’ सुरू झाला. रांगा लागल्या. पुढच्याच वर्षापासून दुसऱ्या शहरांतले बारमालक तसाच बार आपल्याकडे करण्यासाठी पुढे आले आणि दशक संपेपर्यंत अशा ठिकाणांची संख्या शंभरावर गेली.

यातली व्यवस्था गणेशोत्सवातल्या मंडपवाल्याच्या जवळ जाणारी आहे. जागा, परवाना आणि नोकर स्थानिक बारचे. नाव, पेयांच्या पाककृती, खास पेले आणि सजावटीचा साचा मूळ कंपनीचा. बारमालक त्याचे पैसे मोजतो. त्याला हे परवडते, कारण जानेवारी हा बारधंद्याचा पडता महिना. सणाचा खर्च अंगावर आलेला, बाहेर बर्फ, शिवाय ब्रिटनमध्ये २०१३ साली मोहीम म्हणून सुरू झालेला ‘ड्राय जानेवारी’, म्हणजे महिनाभर मद्य न पिण्याचा नेम, अमेरिकेतही रुजलेला. डिसेंबरात जेवढे कमवता येईल तेवढे कमवून ठेवणे त्याला भाग असते. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले, तर इथे विकली जाते ती आरास. पेय हे त्या आराशीत तासभर बसण्याचे तिकीट. ते वाईट असते असे मात्र नाही; ‘मिरॅकल’च्या पाककृती कसलेल्या बारटेंडरांनी बसवलेल्या असतात आणि दरवर्षी यादीत बदल होतो.

त्या यादीतले बहुतेक कायम राहिलेले नाव ‘ख्रिसमापॉलिटन’. व्होडका, एल्डरफ्लॉवर या फुलांचे गोड मद्य, ड्राय व्हर्मुथ ही वनस्पतींच्या स्वादाची वाइन, मसाले घालून शिजवलेला क्रॅनबेरीचा सॉस, लिंबू आणि रोझमेरी, वरून ॲबसिंथ या बडीशेपेच्या वासाच्या कडक मद्याचा हलका फवारा. चव आंबटगोड, पण वास झाडपाल्याचा, आणि नाताळच्या झाडाची आठवण करून देणारा तो वासच त्याची खरी करामत. ‘स्नोबॉल ओल्ड फॅशन्ड’मध्ये हिवाळी मसाल्यांची गोडी असते. ‘नॉटी’ आणि ‘नाइस’ अशी एका घोटाच्या पेल्यांची जोडीही मिळते. पेयांची काही नावे इतकी चावट असतात की सासूसासऱ्यांसमोर मागवताना यादीवर बोट ठेवणेच सोयीचे पडते. याच कंपनीचा ‘सिपिन सँटा’ हा दुसरा प्रकार टिकी बारच्या, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या थाटात सजवलेल्या बारच्या, धर्तीचा आहे. तिथे सांताक्लॉज समुद्रकिनाऱ्यावर सुट्टीला आलेला असतो आणि पेये रमची असतात. टिकी कॉकटेलचे अभ्यासक जेफ बेरी यांचा त्याच्या पाककृतींत हात आहे.

पेयांइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व पेल्यांना आहे. सांताचे डोके, सांताची विजार अशा आकारांचे चिनीमातीचे मग हे या बारचे ओळखचिन्ह. लोक त्यांचे फोटो काढतात, विकत घेतात, आणि बरेच जण खिशात घालून पळतात. मग चोरीला जाणे ही इतकी नित्याची बाब झाली की काही बार पेयाबरोबर अनामत रक्कम घेतात. ही अनामतीची रीत जर्मनीतल्या नाताळबाजारांत आधीपासून आहे. तिथे गरम मसालेदार वाइन, ग्लूवाइन, मगसाठी अनामत देऊनच मिळते आणि मग परत केला की पैसे हातात येतात. ग्लूवाइन उकळू देत नाहीत, कारण अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसलाच उडू लागते. शिकागोत १९९६ पासून भरणाऱ्या जर्मन पद्धतीच्या नाताळबाजारातही दरवर्षी नव्या नक्षीचा मग निघतो आणि तो जमवणारे शौकीन आहेत. ‘मिरॅकल’ने मगविक्रीतला दहा टक्के वाटा अलीकडे काही वर्षे ‘सेवा फाउंडेशन’ला दिला. अंधत्वनिवारणाचे काम करणाऱ्या या संस्थेचा मदुराईच्या अरविंद नेत्रालयाशी जुना संबंध आहे. सांताच्या विजारीचा एक धागा असा तमिळनाडूतल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांपर्यंत पोचतो, हे त्या मगमधून पिणाऱ्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

अमेरिकेत मद्यपानाचे किमान वय २१ आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने सर्व राज्यांना ते स्वीकारायला लावले. दारावर वयाचा पुरावा मागतात आणि नाताळच्या गर्दीत तो सरसकट मागतात. मुलाकडे न्यू जर्सीला आलेल्या सत्तरीच्या काकांनाही पांढऱ्या केसांचा पुरावा चालत नाही, पासपोर्टच काढावा लागतो. आधारकार्डाचा उपयोग नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरात एका कॉकटेलला पंधरा ते वीस डॉलर, त्यावर कर, शिवाय १८ ते २० टक्के टिप असा हिशेब मनात धरून जावे. टिप ही तिथे मर्जीची बाब समजत नाहीत. शुक्रवार-शनिवारची रात्र टाळून सोमवार ते बुधवार संध्याकाळी बार उघडतानाच गेले तर बसायला जागा मिळण्याची शक्यता असते. काही बार आगाऊ आरक्षण घेतात, काहींत फक्त रांग. आरक्षण असले तरी टेबल बहुधा ठरावीक वेळापुरतेच मिळते आणि वेळ संपली की नम्रपणे उठवतात.

अंडे न खाणाऱ्यांनी एक खबरदारी घ्यावी. नॉग, अंडे घुसळून केलेले ‘फ्लिप’ आणि लिंबाचे फेसाळ ‘सावर’ या पेयांत कच्चे अंडे असते आणि यादीत ते दर वेळी लिहिलेले नसते. विचारले तर बारटेंडर सांगतो. विचारायला लाजू नये. मद्य न घेणाऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी बिनमद्याची दोन-तीन पेये असतात, पण किमतीत फार फरक नसतो, कारण पैसे आराशीचे असतात.

बारभेटीचे याहून रांगडे रूप म्हणजे ‘सँटाकॉन’. सॅन फ्रान्सिस्कोत १९९४ मध्ये ‘कॅकॉफनी सोसायटी’ या खोडकर प्रयोग करणाऱ्या गटाच्या मंडळींनी ग्राहकवादाची टर उडवण्यासाठी सांताच्या वेशात रस्त्यावर उतरण्याचा खेळ सुरू केला. १९९८ मध्ये तो न्यूयॉर्कला पोचला आणि हळूहळू त्याचे रूप डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळपासून बारमागून बार फिरण्याच्या मोहिमेत बदलले. ज्या उधळपट्टीची थट्टा करायची होती तिचेच ते मोठे उदाहरण बनले. त्या दिवशी न्यू जर्सी ट्रान्झिट आणि लाँग आयलंडच्या उपनगरी गाड्यांत मद्य बाळगायला बंदी जाहीर होते. न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा प्रिन्सटनकडून सहकुटुंब नाताळची रोषणाई बघायला निघालेल्या मराठी मंडळींनी त्या शनिवारी गाडीची वाट न धरलेलीच बरी. आयर्लंडमध्ये ‘नाताळचे बारा पब’ या नावाने एका रात्री बारा पब पालथे घालण्याची अशीच रीत आहे. अनेक पबमालक अशा टोळक्यांना दारातूनच परत पाठवतात.

गोव्यात आणि मुंबईच्या वांद्रे-माहीम भागांत नाताळचे मद्य मूलतः घरातले आहे. सुका मेवा रममध्ये आधीपासून भिजत घातलेला केक, आल्याची वाइन, गोव्यात शेजाऱ्यांकडे पोचवले जाणारे कुसवाड, म्हणजे नाताळचा फराळ, त्यातले नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंक; चर्चमधली मध्यरात्रीची मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपल्यावर घरी येऊन पेला भरला जातो. नाताळासाठी मुद्दाम बारमध्ये जाणे ही तिथल्या ख्रिस्ती घरांची रीत नव्हे. ती पर्यटक आणि नोकरदार तरुणांनी आणलेली आहे. मुंबई-पुण्यातले बार आता डिसेंबरात ग्लूवाइन आणि एगनॉग ठेवू लागले आहेत, पण सबंध बारचे रूप पालटणे अजून विरळा. इथला कायदाही वेगळा आहे. गोव्यात वयाची अट २१. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर कडक मद्यासाठी २५, शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो. अलीकडच्या वर्षांत राज्य सरकार २४, २५ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री परवानाधारक बारना पहाटे पाचपर्यंत आणि वाइनच्या दुकानांना रात्री एकपर्यंत मुभा देते. त्याचा आदेश दरवर्षी नव्याने निघतो.