यंत्राची जाणीव (तत्त्वज्ञान)

यंत्राला जाणीव असू शकते का, हा मनाच्या तत्त्वज्ञानातील प्रश्न. जाणीव मोजण्याचे उपकरण तत्त्वज्ञानाकडे नाही. पण एखादा प्रयोग नेमके काय मोजतो, हे तत्त्वज्ञानावाचून ठरत नाही.

‘जाणीव’ हा शब्द निदान दोन अर्थांनी वापरला जातो. माहिती बोलण्यासाठी आणि कृतीसाठी हाताशी असणे ही एक. दात ठणकताना जे भोगले जाते ती अनुभूती ही दुसरी. तत्त्वज्ञ नेड ब्लॉक यांनी १९९५ मध्ये हा भेद मांडला. अंधदृष्टीत तो स्पष्ट दिसतो. मेंदूच्या मागील भागातील दृष्टिकेंद्राला इजा झालेला रुग्ण ‘त्या बाजूचे मला काहीच दिसत नाही’ म्हणतो. तरी अंदाज करायला लावले, की ठिपका कुठे आहे हे तो योगायोगाने जमेल त्याहून कितीतरी अधिक वेळा बरोबर सांगतो. (अंधूक अनुभव उरत असावा, असेही काही संशोधक मानतात.)

सांख्यांनी ही फारकत फार पूर्वी केली होती. त्यांच्या मते बुद्धी प्रकृतीतूनच, म्हणजे जड मूलतत्त्वातूनच निघते, म्हणून ती जड; चैतन्य पुरुषाचे, म्हणजे प्रकृतीहून वेगळ्या साक्षी तत्त्वाचे. हुशार पण अचेतन यंत्र या चौकटीत सहज बसते. उलट चार्वाकमत असे, की द्रव्ये आंबून मादकता उपजावी तसे पृथ्वी, पाणी अशा महाभूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते. हे मानले, तर सिलिकॉनच्या यंत्राला चैतन्य नाकारायला वेगळे कारण द्यावे लागते.

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांची ‘चिनी खोली’ (१९८०) येथे हटकून पुढे केली जाते: चिनी न जाणणारा माणूस खोलीत बसून केवळ नियम पाहून चिनी प्रश्नांना चिनी उत्तरे देतो, पण त्याला त्यांतले काहीच कळत नाही. तिचा मूळ रोख मात्र अर्थबोधावर आहे, अनुभूतीवर नाही.

भाषा-प्रारूपाने (मजकूर लिहिणाऱ्या संगणक-प्रणालीने) ‘मला वाईट वाटले’ म्हटले, तर तो पुरावा धरता येत नाही: माणसांच्या लिखाणावर शिकलेले यंत्र अनुभव नसतानाही तेच वाक्य जुळवील. म्हणून शब्दांऐवजी अंतर्रचना तपासतात. २०२३ मधील एका अहवालात मेंदूविषयक सिद्धांतांतून जाणिवेचे १४ निर्देशक (खुणा) काढले होते. त्यांवरून तेव्हाची कोणतीही प्रणाली जाणीवयुक्त ठरली नाही. मात्र योग्य प्रकारची गणनप्रक्रिया जाणिवेला पुरेशी असते, हे त्या अहवालाने कामापुरते गृहीत धरले होते. जुलिओ तोनोनी यांच्या एकात्मिक माहिती सिद्धांताला ते गृहीतक मान्य नाही. त्याच्या मते महत्त्व प्रत्यक्ष जडणघडणीतील कार्यकारण-गुंफणीला, म्हणजे तिचे भाग एकमेकांवर कसा परिणाम करतात याला, आहे, आणि नेहमीच्या संगणकात ती नगण्य असते, मग त्यावर कोणताही प्रोग्राम चालवा. त्यामुळे दोन्ही बाजूंना यंत्राचा तपशील पूर्ण ठाऊक असला, तरी हा वाद सुटत नाही.