चपलांच्या स्टँडवरचा बिल्ला आणि ब्राउझरमधली कुकी

देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर आपण जोड देतो आणि हातात एक बिल्ला पडतो. त्यावर नुसता आकडा, समजा ११७. आपलं नाव, गाव, चपलांचा रंग यातलं काहीच त्यावर नसतं. पण दर्शन घेऊन आल्यावर तो पुढे केला की स्टँडवाला बरोबर आपलाच जोड काढून देतो. माल त्याच्या फळीवर, आपल्याकडे फक्त खूण.

ब्राउझरमधली कुकी म्हणजे असाच बिल्ला. ती प्रोग्राम नसते, व्हायरस नसते, आपल्या फायली उघडून वाचत नाही. साधारण ४ किलोबाइटच्या आत मावणारा मजकुराचा तुकडा, आणि तोही बहुतेकदा अक्षरं-आकड्यांची अर्थहीन माळ. एवढीशी वस्तू गोपनीयतेच्या प्रत्येक चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात कशी आली, हे कळायला १९९४ सालात जावं लागतं.

तेव्हाच्या वेबला विसराळूपणाचा जन्मजात आजार होता. पान मागवण्या-पाठवण्याचे जे नियम आहेत, म्हणजे एचटीटीपी, त्यांत प्रत्येक मागणी सुटी असते. सर्व्हरकडे, म्हणजे साइटच्या कॉम्प्युटरकडे, पान मागितलं, त्यानं दिलं, व्यवहार संपला. पुढच्या क्षणी दुसरं पान मागितलं, तर मागणारा तोच की नवा कोणी, हे त्याला कळत नसे. लेख वाचण्यापुरतं हे ठीक होतं. दुकान मात्र असं चालत नाही. पिशवीत साबण टाकला, तेलाकडे वळलो आणि मागे पाहिलं तर पिशवी रिकामी!

ब्राउझर बनवणारी नेटस्केप कंपनी तेव्हा एमसीआय या अमेरिकन दूरसंचार कंपनीसाठी ऑनलाइन खरेदीची व्यवस्था उभी करत होती. अर्धवट राहिलेल्या खरेदीच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर साठवायची एमसीआयची तयारी नव्हती. हा तिढा नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली या विशीतल्या तरुणाकडे आला. सोपा उपाय समोरच होता: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा नंबर द्यायचा आणि तो सगळ्या साइट्सना दाखवायचा. मॉन्टुलीनं पुढे लिहून ठेवलंय, की हा पर्याय त्यांनी मुद्दाम बाजूला सारला. कारण एकच नंबर सगळीकडे दिसला, की माणूस या साइटवरून त्या साइटवर कुठे कुठे फिरला हे जोडता येतं. मग त्यानं युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या प्रोग्रामरांच्या बोलण्यातली ‘मॅजिक कुकी’, म्हणजे प्रोग्रामांनी एकमेकांना दाखवायची छोटी खूण, ही जुनी कल्पना उचलली आणि तिला एक अट घातली. ज्या साइटनं बिल्ला दिला, तिलाच तो परत दाखवायचा. ऑक्टोबर १९९४ मध्ये आलेल्या नेटस्केपच्या ०.९ बीटा आवृत्तीत हे चालू झालं. म्हणजे आज जिला आपण पाळत म्हणतो, ती टाळण्याचा विचार कुकीच्या जन्माच्या वेळीच झाला होता. मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात चटका लावणारा वाटतो.

आतलं काम फार सरळ आहे. सर्व्हर पान पाठवताना सोबत ‘सेट-कुकी’ अशी एक ओळ पाठवतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि त्या साइटकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक मागणीला न सांगता चिकटवतो. काही कुकी ब्राउझर बंद होताच जातात, काहींवर मुदत लिहिलेली असते. क्रोममध्ये ती जास्तीत जास्त ४०० दिवस. मेलमध्ये एकदा पासवर्ड टाकल्यावर प्रत्येक पत्र उघडताना तो पुन्हा द्यावा लागत नाही, तो या बिल्ल्यामुळेच. अर्थात बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाचं फायरफॉक्सला जोडायचं एक साधन निघालं होतं. कॉफीच्या दुकानातल्या उघड्या वायफायवर बसून शेजाऱ्याची लॉगिनची कुकी पकडायची आणि त्याच्या खात्यात शिरायचं, हे त्यानं दोन क्लिकचं काम करून दाखवलं. आज बहुतेक साइट्स सगळी ये-जा सांकेतिक रूपात करतात, त्याला असे धक्केही कारणीभूत आहेत. पासवर्ड न चोरता कुकी चोरणारी मालवेअर मात्र अजून आहेत. सायबर कॅफेतून किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून उठताना लॉगआउट करायचं ते यासाठी. लॉगआउट केलं की नीट बांधलेली साइट आपल्याकडचा तो नंबरच बाद करते.

मॉन्टुलीची अट मोडली नाही, तिला बगल दिली गेली. वेबपान एकाच ठिकाणाहून येत नाही. बातमी एका सर्व्हरवरून येते, तिच्या बाजूची जाहिरात दुसऱ्या, ‘लाइक’चं बटण तिसऱ्या. त्या प्रत्येकाकडे आपला ब्राउझर स्वतंत्र मागणी धाडतो आणि त्या प्रत्येकाला स्वतःचा बिल्ला द्यायची मुभा असते. याच त्या थर्ड पार्टी कुकी.

पुन्हा देवळाबाहेर येऊ. समजा, गावातल्या सगळ्या देवळांबाहेरच्या स्टँडचा ठेका एकाच माणसाला मिळाला. पुढे त्यानं दवाखाना, सराफाची पेढी, वकिलाचं ऑफिस, लग्नं जुळवणारं मंडळ, सगळ्यांच्या दारात आपली फळी मांडली. आपल्याला बिल्ला एकच, ११७. नियम अक्षरशः पाळला जातोय, कारण बिल्ला ज्यानं दिला त्यालाच आपण दाखवतो. पण महिन्याभरात त्याच्या वहीत ११७ समोर काय काय लिहिलं जाईल? आपलं नाव त्याला ठाऊक नाही. कोणत्या डॉक्टरकडे किती फेऱ्या झाल्या आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जावं लागलं, हे ठाऊक आहे. आणि एखाद्या दारात आपण फोन नंबर लिहून दिला, की नावही कळतं.

हा ठेका घेणाऱ्यांत सुरुवातीची मोठी कंपनी म्हणजे १९९६ मध्ये निघालेली डबलक्लिक. २००७ मध्ये गूगलनं ती ३.१ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी सौदा पुरा झाला. आता तर पान उघडत असतानाच रिकाम्या जागेचा लिलाव होतो. ११७ नंबरचा गडी आलाय, कोण किती देतो? डोळ्याचं पातं लवेपर्यंत बोली लागून जाहिरात हजर.

हे कोणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. पहिलं वर्ष-सव्वा वर्ष सामान्य माणसाला कुकी हा शब्दही माहीत नव्हता. फेब्रुवारी १९९६ मध्ये लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’नं त्यावर लिहिलं आणि आरडाओरडा सुरू झाला. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळींनी आरएफसी २१०९ हा दस्तऐवज काढला. तो लिहिणाऱ्या दोघांत मॉन्टुली एक होता. त्यात सरळ म्हटलं होतं, की तिसऱ्याच कोणाच्या कुकी ब्राउझरनं आपणहून स्वीकारू नयेत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही ते मनावर घेतलं नाही. तो दस्तऐवज लिहिणाऱ्यांत असूनही मॉन्टुलीची बाजू अशी, की ही वाट बंद केली तर जाहिरातवाले दुसरी शोधतील. कुकी निदान दिसते, पुसता येते. ती दुसरी वाट दिसणारही नाही. मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पुसता येते हे खरं, पण आपणहून सेटिंग्जमध्ये जाऊन पुसणारे असतात किती?

उरलेला अर्धा मात्र काळानं खरा ठरवला. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं २०१० मध्ये एक प्रयोग केला. ब्राउझरची आवृत्ती, पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, वेळेचा पट्टा अशी वरवरची माहिती एकत्र केली, आणि तपासलेल्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय निघाले. याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. इथे बिल्ला लागतच नाही, स्टँडवाला आपल्याला चालीवरून ओळखतो. बिल्ला फेकून देता येतो, चाल कशी बदलणार? इन्कॉग्निटो खिडकीचाही इथे उपयोग नाही. ती बंद केली की त्या खिडकीतल्या कुकी पुसल्या जातात, बस.

ब्राउझरवाल्यांची तऱ्हा वेगवेगळी. ॲपलच्या सफारीनं मार्च २०२० पासून थर्ड पार्टी कुकी पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सनं २०२२ मध्ये प्रत्येक साइटसाठी वेगळा डबा केला. बाहेरचा कोणी बिल्ला देऊ शकतो, पण तो त्या एकाच दारात चालतो. गूगलच्या क्रोमनं जानेवारी २०२० मध्ये ‘दोन वर्षांत बंद करू’ असं जाहीर केलं, मग मुदती वाढवत नेल्या, २०२४ च्या सुरुवातीला १ टक्का लोकांवर चाचणी घेतली, त्याच जुलैत बेत सोडून दिला आणि एप्रिल २०२५ मध्ये ‘या कुकी हव्यात का’ असा वेगळा प्रश्नही वापरणाऱ्याला विचारणार नाही असं सांगितलं. ब्राउझर ज्याचा, जाहिरातींचा धंदाही त्याचाच, तेव्हा यात नवल वाटण्यासारखं थोडं आहे.

पान झाकून टाकणारे ते संमतीचे फलक युरोपच्या कायद्यांतून आले. १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपीय न्यायालयानं प्लॅनेट४९ या जर्मन कंपनीच्या प्रकरणात सांगितलं, की आधीच टिक करून ठेवलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. मग चौकटी गेल्या आणि ‘स्वीकारा’चं बटण ठसठशीत, ‘नाकारा’ तीन पायऱ्या आत, अशी शक्कल आली. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामकानं नेमक्या याच कारणावरून गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला.

आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कुकी हा शब्दच नाही. पण संमती स्पष्ट कृतीतून हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं त्यात आहे. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीत आणि कोकणीतही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. युरोपातल्या फलकांवरचे ‘लेजिटिमेट इंटरेस्ट’ (संमती न विचारता माहिती वापरायला कंपन्या पुढे करतात ते ‘रास्त हित’) यासारखे शब्द तेव्हा कोणत्या मराठीत उतरतात ते बघायची मला फार उत्सुकता आहे.

तोवर कॉम्प्युटरवर रोजची बातम्यांची साइट क्रोममध्ये उघडा, एफ १२ दाबा, ‘ॲप्लिकेशन’ आणि त्याखाली ‘कुकीज’वर जा. डोमेनच्या रकान्यात त्या साइटखेरीज इतर कोणाची नावं आहेत ते वाचा.