पर्सियसचं सामान दोन घरांत: 'किड इकारस' आणि 'बॅटल ऑफ ऑलिंपस'

जुन्या आठ-बिटी खेळांचा विषय निघाला की एक घोळ हमखास होतो. कुणीतरी म्हणतं, "तो नाही का, ग्रीक पुराणांवरचा खेळ? मेडुसाला मारायचं असतं आणि चपला घालून छताला उलटं चालता येतं." आणि समोरचा मान डोलावतो. प्रत्यक्षात मेडुसाला मारायचं असतं ते 'किड इकारस'मध्ये, आणि छताला चिकटवणाऱ्या चपला आहेत 'बॅटल ऑफ ऑलिंपस'मध्ये. दोन्ही खेळ एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या घरगुती गेमयंत्रावरचे, दोन्ही जपानमध्ये घडलेले, दोन्ही बाजूने दिसणारे, उड्या मारत पुढे जाण्याचे. दोन्हींत देव भेटतात, राक्षस भेटतात आणि पेगॅसस या पंखवाल्या घोड्याचं नाव येतं. मीही बरीच वर्षं यांची सरमिसळ करत होतो. ती सुटली ती चित्रं बघून नव्हे, तर मूळ ग्रीक कथा नीट वाचल्यावर.

आधी नावांचं बघू, कारण घोळाची सुरुवात तिथूनच होते.

'किड इकारस' म्हटल्यावर आपल्याला मेणाचे पंख लावून सूर्याच्या फार जवळ गेलेला आणि समुद्रात पडलेला डीडॅलसचा मुलगा आठवतो. खेळात तो कुठेच नाही. नायकाचं नाव पिट. हा धनुष्यबाण घेतलेला एक छोटा देवदूत आहे. प्रकाशाची देवी पालुतेना कैदेत आहे, अंधाराची देवी मेडुसा सत्तेवर आहे, आणि पिटला तीन पवित्र वस्तू मिळवायच्या आहेत: आरशासारखी ढाल, प्रकाशाचे बाण आणि पेगॅससचे पंख. आता ही यादी जरा कथेशेजारी ठेवून बघा. नजर भिडली की माणसाचा दगड करणाऱ्या मेडुसाचं प्रतिबिंब गुळगुळीत ढालीत पाहत तिचं डोकं उडवणारा ग्रीक वीर कोण? पर्सियस. पेगॅसस जन्मला कुठून? त्याच मेडुसाच्या तुटलेल्या मानेतून. पर्सियसच्या पाठीशी उभी राहणारी देवी? अथेना, आणि पालुतेनाची जागा तिचीच आहे. मेडुसाने दगड केलेले सैनिक वाटेत पुतळे होऊन उभे असतात, हातोडीने ते फोडून मोकळे करायचे, मग किल्ल्यातल्या मोठ्या शत्रूशी, म्हणजे बॉसशी, लढताना ते उडत मदतीला येतात. म्हणजे पाटी इकारसची आणि गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पर्सियसची.

गंमत अशी की १९८६ साली जपानमध्ये फॅमिकॉमच्या (एनईएसचं जपानी रूप) डिस्कवर हा खेळ आला तेव्हा नावात इकारस नव्हताच. 'हिकारी शिनवा: पालुतेना नो कागामी', म्हणजे 'प्रकाशाची पुराणकथा: पालुतेनाचा आरसा'. आरसा! जपानी नावाने खरं काय ते सांगून टाकलं होतं. इकारस चिकटला तो १९८७ मध्ये, खेळ बाहेरच्या देशांत गेल्यावर.

दुसऱ्या खेळाचंही तसंच. 'बॅटल ऑफ ऑलिंपस' ऐकून वाटतं की देव आणि टायटन यांचं युद्ध असणार. आत मात्र आहे ऑर्फियस, ग्रीक कथांमधला गायक. त्याच्या प्रेयसीचं नाव इथे हेलेन, मूळ कथेत युरिडिसी. ती सर्पदंशाने गेली आणि तिच्यासाठी नायक पाताळापर्यंत उतरतो, हा कणा तोच आहे. याचंही १९८८ चं जपानी उपशीर्षक प्रामाणिक होतं: 'आइ नो देन्सेत्सु', प्रेमाची दंतकथा. फरक एकच, पण मोठा. पुराणातला ऑर्फियस लढत नाही, गातो. त्याच्या वाद्याने पाताळाचा राजा हेडिससुद्धा विरघळतो. खेळातल्या ऑर्फियसच्या हातात मात्र आधी सोटा येतो आणि शेवटी हेडिसशी हाणामारी. वीणेसारखं वाद्य आहे, पण ते वाजवून बोलवायचं कुणाला, तर पेगॅससला.

गोंधळाचं मूळ इथेच आहे. पेगॅसस पर्सियसच्या कथेतला. देवांचा निरोप्या हर्मीस याच्या चपलाही पर्सियसने वापरलेल्या. या खेळात त्या घातल्या की उडी छताला टेकते आणि ऑर्फियस डोकं खाली करून चालू लागतो. तिघींत मिळून एकच डोळा असलेल्या ग्राइआय म्हाताऱ्याही पर्सियसच्याच, आणि त्याही इथे भेटतात. म्हणजे एकाच नायकाचं सामान दोन घरांत वाटलं गेलंय. अर्धं आठवलं की मन उरलेलं अर्धं दुसऱ्या घरातून उचलून आणतं.

खेळायला बसलात की मात्र दोन मिनिटांत फरक कळतो. 'किड इकारस'चा पहिला टप्पा उभा आहे. वर, वर आणि वरच चढत जायचं. पडद्याच्या डाव्या कडेतून बाहेर पडलात तर उजवीकडून आत येता. पण खालच्या कडेखाली गेलात की संपलं. क्षणापूर्वी ज्या फळीवर उभे होतात, ती पडद्याखाली सरकली की ती उरलेलीच नसते. पाठीला पंख आहेत आणि तरी पडून मरण! मला वाटतं, इकारस या खेळात कुठे असेल तर तो इथे आहे, प्रत्येक चुकलेल्या उडीत.

कोडी कुठे आहेत, हा दुसरा मोठा फरक. 'किड इकारस'मध्ये ती किल्ल्यांत. किल्ला म्हणजे आठ बाय आठ खोल्यांचा चक्रव्यूह. नकाशा वेगळा मिळवायचा, कुठे जाऊन आलो याच्या खुणा दिसायला पेन्सिल वेगळी, आणि आपण आत्ता कुठे आहोत हे कळायला मशाल वेगळी. मी यांपैकी काहीच न घेता आत शिरलो होतो आणि शेवटी गणिताच्या चौकटीच्या वहीत खोल्या भरत बसलो. किल्ल्यात एक जादूगार असतो, तो वांगी फेकतो. एक वांगं लागलं की पिटचंच वांगं होतं: जांभळं, वर देठ, खाली दोन पाय. बाण मारता येत नाही. त्याच अवस्थेत तुरूतुरू चालत, उडणाऱ्या गोष्टी चुकवत, किल्ल्यातल्या दवाखान्याची खोली गाठायची, तिथली नर्स बरं करते. मग परत त्याच खोलीत त्याच जादूगारासमोर. या खेळाइतकं वांग्याला मी कधी घाबरलो नाही.

'ऑलिंपस'मधलं कोडं भिंतींत नसतं, माणसांच्या बोलण्यात असतं. आर्केडिया, अ‍ॅटिका, अर्गोलिस, लॅकोनिया, क्रीट असा खराखुरा ग्रीस तुमच्यापुढे पसरलेला. दारं ठोठवायची, कोण काय म्हणालं ते लक्षात ठेवायचं, आणि दोन प्रदेश मागे जाऊन तिथे आधी न उघडलेली वाट उघडायची. 'झेल्डा'चा दुसरा भाग खेळला असेल तर ही चाल ओळखीची वाटेल. 'किड इकारस'ची नाळ मात्र १९८६ सालच्याच 'मेट्रॉइड' या खेळाशी जुळते.

पुराणांच्या बारीक तपशिलात 'ऑलिंपस' सरस आहे, हे माझं ठाम मत. त्यात बडीशेपेच्या दांड्याची काठी मिळते, आगीचं हत्यार म्हणून. पहिल्यांदा मी हे भाषांतराचं काहीतरी बिनसलंय म्हणून सोडून दिलं. मग प्राचीन ग्रीक कवी हेसिअडची कथा वाचली: प्रॉमिथियसने देवांकडून आग चोरली ती बडीशेपेच्या पोकळ दांड्यात लपवूनच. चलनही तसंच. पिट हृदयं गोळा करतो, जी कुठल्याही खेळात चालली असती. ऑर्फियस ऑलिव्ह गोळा करतो, आणि ऑलिव्हचं झाड ही तर अथेन्सला अथेनाने दिलेली भेट, जिच्या जोरावर तिने समुद्रदेव पोसायडनला हरवून ते शहर आपलं केलं.

आधी कुठला घ्यावा? कथा आवडत असतील तर 'ऑलिंपस', वही जवळ ठेवून. 'किड इकारस'ची अडचण अशी की त्याचा सगळ्यांत कठीण भाग सुरुवातीलाच आहे आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. इतक्यात सोडू नका. तिन्ही किल्ले संपले की तिन्ही वस्तू पिटच्या अंगावर चढतात, आणि त्या शेवटच्या टप्प्यात खाली फळी नाही, काठ नाही, पडणंही नाही. इतका वेळ नुसते पाठीला असलेले ते पंख पहिल्यांदा हलतात आणि पिट उडायला लागतो.