मॉन्स्टेराच्या कुंडीत हवा किती?

दिवाणखान्यातला मॉन्स्टेरा छातीपर्यंत वाढतो, त्याची खालची पानं पिवळी पडू लागतात आणि घरातला प्रत्येक जण वेगळं खत सुचवतो. अनेकदा खत भरपूर असतं, मुळांना प्राणवायूच मिळत नसतो.

दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलांतली ही वेल, आपल्या अळूच्या कुळातली. ती जमिनीत रुजते, पण जवळचं झाड गाठून वर चढते आणि खोडातून मुळं सोडते. ती मुळं शेवाळात, सालीच्या भेगांत शिरतात. तिथे कितीही पाऊस पडला तरी पाणी निथळून जातं, ओल तेवढी राहते.

आता देशावरची काळी माती घ्या. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि मातीतल्या पोकळ्या बुजतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो. मुळं गुदमरली की पिथियमसारख्या रोगकारकांना आयती संधी मिळते आणि कूज सुरू होते. कापसाला मानवणारी माती म्हणून ती कुंडीत भरू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घातले तर? निचरा वाढत नाही. भांडी घासायचा लांबट स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. गळायचा थांबला की उभा करा, पुन्हा पाणी गळेल. बारीक छिद्रं पाणी धरून ठेवतात आणि तळाशी ठरावीक उंचीचा चिंब थर राहतोच. स्पंज उभा केला की तळ लहान होतो, म्हणून त्या थरात कमी पाणी मावतं. कुंडीतही तेच घडतं. खडी घातली तर वरची माती पुरती भिजेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही, चिंब थर फक्त मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरे.

म्हणून सगळं मिश्रणच भरड हवं. मला पटणारं प्रमाण असं: दोन भाग नारळाच्या सोडणांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाइट (उष्णतेने फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा लाकडी कोळशाचा चुरा, एक भाग गांडूळखत. कोकोपीट आणि सोडणं आधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्यांत क्षार असतात. हे मिश्रण हलकं असल्यामुळे मोठं झाड कलंडू शकतं. त्यासाठी कुंडी जड घ्या आणि वेलीला आधाराचा दांडा द्या.

कुंडी बदलताना आधीच्यापेक्षा दोन इंचच रुंद घ्या. मुळं पोचत नाहीत तिथलं पाणी कोणी शोषत नाही, ते साचून राहतं. आणि काही वर्षांनी सोडणं कुजून मिश्रण बसतं, पाणी वरच रेंगाळू लागतं. तसं दिसलं की मिश्रण बदला.