शेवटचा डोस कोणत्या तारखेला दिला?

ठाणे, भिवंडी, शहापूर, मुरबाड आणि नवी मुंबईच्या गावठाणांतल्या आमच्या कोंबडीपालक ग्राहकांसाठी

आखाड लागला की दुकानातला फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. प्रश्न एकच असतो : "औषध बंद केलंय, आता माल, म्हणजे कोंबड्या-अंडी, विकायला कधी काढू?" आम्ही विचारतो, "शेवटचा डोस कधी दिला?" आणि पलीकडून आवाज येत नाही. मग शेडवरच्या माणसाला फोन होतो, तो गावाला गेलेला असतो. मग मुलाला विचारतात, मग रिकामं पाकीट शोधतात. अर्धा तास जातो आणि शेवटी उत्तर येतं, "झाले असतील सात-आठ दिवस." अशा अंदाजावर आम्ही कुणाला तारीख सांगू शकत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

कोंबडीला दिलेलं औषध ती बरी झाली त्याच दिवशी अंगातून जात नाही. ते यकृतात, मूत्रपिंडात, चरबीत राहतं आणि हळूहळू बाहेर पडतं. इंजेक्शन दिलेल्या जागी तर आणखी रेंगाळतं. मांसात आणि अंड्यात उरलेला औषधाचा अंश सुरक्षित पातळीखाली यायला जे दिवस लागतात, त्याला डॉक्टर लोक विड्रॉवल म्हणतात. आम्ही दुकानात 'थांबण्याचे दिवस' म्हणतो. प्रत्येक औषधाचे ते वेगळे असतात. खाण्याच्या जनावरांच्या औषधांवर ते छापणं २०१२ पासून नियमाने बंधनकारक आहे, तेव्हा पाकीट फेकण्याआधी लेबल वाचा. लेबलवर दिवस दिलेले नसतील तर त्याच नियमाप्रमाणे अंडी आणि दुधासाठी कमीत कमी ७ दिवस आणि मांसासाठी कमीत कमी २८ दिवस थांबायचं. काळीज-पेटा त्यातच आला.

आता मोजणी, कारण सगळा घोळ इथे होतो. काही जण औषध सुरू केल्यापासून मोजतात. काही जण पक्षी चरायला, खायला लागले त्या दिवसापासून मोजतात. दोन्ही चूक. मोजायचं ते शेवटचा डोस पोटात गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. समजा १० जूनला संध्याकाळी शेवटचं औषधाचं पाणी दिलं, तर ११ जून हा पहिला दिवस. ७ दिवस १७ जूनला भरतात, अंडी १८ जूनपासून विका. २८ दिवस ८ जुलैला भरतात, पक्षी ९ जुलैला काढा. मधे एक दिवस जरी पुन्हा औषध गेलं, तरी मोजणी पहिल्यापासून सुरू.

'मधे एक दिवस' कसा जातो ते सांगतो. मुरबाडकडच्या एका नेहमीच्या ग्राहकाने पाच दिवसांचा कोर्स वेळेत संपवला होता. आम्ही तारीख मोजून दिली, व्यापाऱ्याशी बोलणी झाली, गाडी ठरली. गाडी यायच्या आदल्या संध्याकाळी कळलं की शेडवरच्या माणसाने उरलेलं अर्धं पाकीट 'फुकट जाऊ नये' म्हणून चार दिवसांपूर्वी छपरावरच्या टाकीत ओतलं होतं. त्याचा हेतू चांगलाच होता. मालक सरळ माणूस, त्याने गाडी परत पाठवली. तेवढे दिवस फीड घातलं, पक्षी व्यापाऱ्याला हवे त्यापेक्षा जड झाले, आणि तोवर गटारी उलटून श्रावण लागला. भाव पडला. त्या माणसाचं नुकसान आजही मला लागतं. तेव्हापासून आम्ही औषध देताना पक्ष्यांची संख्या, वय आणि सरासरी वजन विचारतो आणि हिशेब करून लागतील तेवढीच पाकिटं देतो. चौकशी कशाला, असं कुणाला वाटतं, पण उरलेलं औषध शेडमध्ये राहू नये एवढाच त्यामागे हेतू आहे.

कोर्स संपला की टाकी पूर्ण रिकामी करा, आतून घासा, निपलची लाइन (पक्षी ज्यातून पाणी पितात ती नळी) साध्या पाण्याने दोनदा सोडून द्या. फीडमध्ये मिसळलेलं औषध असेल तर भांड्याच्या तळातलं फीडही काढा. एकाच पाण्यावर सोडलेले सगळे पक्षी औषध प्यायलेले धरायचे, आजारी दिसत होते तेवढेच नाहीत.

ही गोष्ट घणसोली, दिवाळे, करावे भागातल्या आमच्या ताई-मावशींनी खास लक्षात घ्यावी. घरामागे आठ-दहा गावठी कोंबड्या असतात, एकीला सर्दी झाली म्हणून औषध पाण्यात टाकलं जातं आणि पितात सगळ्या. मग अंडी सगळ्यांची बाजूला काढायची. आज घातलेल्या अंड्यातला बलक आज तयार झालेला नसतो. तो अंगात साधारण आठ-दहा दिवस भरत असतो, त्यामुळे गेल्या आठवड्यातलं औषध आजच्या अंड्यात येतं. ती अंडी शेजारी देऊ नका, घरच्या मुलांनाही देऊ नका. "उकडलं की औषध मरतं" असं बऱ्याच जणी म्हणतात. बरीच औषधं उकळूनही टिकतात. आणि माणसांची कॅप्सूल फोडून कोंबडीला देऊ नका. तिच्या पाकिटावर कोंबडीचे थांबण्याचे दिवस कुठून असणार?

ब्रॉयलरवाल्यांनी, म्हणजे मांसासाठी पक्षी वाढवणाऱ्यांनी, एक हिशेब मनात पक्का करावा. पक्षी पस्तीस ते बेचाळीस दिवसांत निघतो. ज्या औषधावर दिवस छापलेले नाहीत त्याला २८ दिवस धरले, तर बेचाळिसाव्या दिवशी निघणाऱ्या पक्ष्यालाही तेराव्या दिवसानंतर ते देताच येत नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आधी सांगा की माल कधी काढायचा आहे. थांबण्याचे दिवस कमी आणि लेबलवर स्पष्ट छापलेले, अशी औषधं मिळतात. ती थोडी महाग पडतात. आम्ही तीच ठेवतो, कारण वरची गाडी परत गेलेली आम्ही पाहिली आहे.

दुसरी तक्रार आमच्याविरुद्ध नेहमी असते : "बाहेर चिठ्ठीशिवाय मिळतं, तुम्हीच अडवता." हो, प्रतिजैविकं आम्ही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय देत नाही आणि पुढेही देणार नाही. कायदा आहेच, पण त्याहून साधं कारण असं की चुकीचं औषध तुमचे पैसेही घेतं आणि दिवसही. मानमोडी, म्हणजे राणीखेत, गंबोरो, देवी हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही. मरतूक चालूच राहते आणि थांबण्याचे दिवस मात्र डोक्यावर बसतात. रक्ती हगवणीचं औषध वेगळं, श्वासाच्या घरघरीचं वेगळं. विष्ठेचा, तोंडाच्या सुजेचा फोटो पाठवलात तर कुठल्या डॉक्टरांकडे लवकर जाता येईल ते आम्ही सांगू. फोटोवरून औषध मात्र देणार नाही.

जुने ग्राहक अजून 'ती पिवळी पावडर' मागतात. ती फ्युराझोलिडोन. नायट्रोफ्युरान गटातली ही औषधं आणि क्लोरॅम्फेनिकॉल खाण्याच्या जनावरांसाठी बंद आहेत. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे काही माणसांच्या हाडांच्या मगजात रक्त बनणंच थांबतं, आणि किती कमी अंश चालेल अशी सुरक्षित मर्यादा त्याला ठरवता येत नाही. कोलिस्टिनवर जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्यांसाठी बंदी आणली. रुग्णालयात बाकी औषधं हरली की माणसांसाठी राखून ठेवलेल्या मोजक्या औषधांपैकी ते एक आहे. यातलं काहीही आमच्याकडे मागू नका, आणि कुणी आणून देत असेल तर घेऊ नका.

औषधाची वेळच येऊ नये यासाठी लस. पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो, पुढचं वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांप्रमाणे. लस पाण्यातून देणार असाल तर नळाचं पाणी तसंच वापरू नका. त्यातल्या क्लोरीनने लस मरते आणि तुम्ही म्हणता लस खराब होती. विहिरीचं किंवा बोअरचं स्वच्छ पाणी घ्या, लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला, टाकीतलं जंतुनाशक आधीच बंद करा. लस आम्ही बर्फाच्या डब्यातच देतो. स्कूटरच्या डिकीत न्यायला मागणाऱ्याला नाही म्हणतो, रागावू नका. पावसात शेडमध्ये अंथरलेला तूस ओला राहिला की रक्ती हगवण आलीच. रोज हलवा, ओला भाग काढून टाका. त्यासाठी चुना आणि कोरडा तूस पावसाळाभर दुकानात असतो.

मेलेला पक्षी दुकानात आणू नका. एकाएकी बरेच पक्षी मेले, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर कापून बघायला जाऊ नका, हातही लावू नका. शेड बंद करा आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या फोन नंबरवर कळवा. जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यातच मेलेल्या बगळ्यांत बर्ड फ्लू सापडला होता, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत हजारो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. लपवलं तर शेजारच्या शेडलाही धोका पोचतो.

या पत्रकासोबत एक जाड कार्ड दिलं आहे. त्यावर पाचच रकाने आहेत : शेड किंवा खुराड्याचा क्रमांक, औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि वेळ, थांबण्याचे दिवस, आणि माल निघण्याची तारीख. शेवटचा रकाना आमच्याकडून मोजून घेतलात तरी चालेल, पैसे नाहीत. कार्ड शेडच्या दाराला आतून टांगा आणि औषध देणाऱ्या माणसाच्या हातूनच भरून घ्या, तुम्ही संध्याकाळी आठवून भरू नका. फोन करताना ते हातात असू द्या. पावसात भिजलं तर पुढच्या खरेदीला नवीन मागून घ्या.