पुरणपोळीच्या ताटातला कट: पार्श्वभूमी

‘कट’ या शब्दाचा आता चांगलाच गोंधळ झाला आहे. कोल्हापूरकडे मिसळीवर ओततात तो लालभडक रस्साही कटच, त्यामुळे कटाच्या आमटीवर तेलाचा तवंग शोधणारे भेटतात. पुरणाचा कट म्हणजे हरभराडाळ शिजल्यावर निथळून काढलेलं पाणी, दुसरं काही नाही. काही भागांत त्यालाच येळवणी म्हणतात. भात वेळतात तीच क्रिया. उत्तर कर्नाटकात होळिगेबरोबर, म्हणजे तिकडच्या पुरणपोळीबरोबर, ‘कट्टिन सारु’ ही पातळ आमटी असते, तेलंगणात भक्षालूंबरोबर, म्हणजे तिथल्या पुरणपोळ्यांबरोबर, चारु. कन्नड ‘कट्टु’ आणि आपला ‘कट’ एकाच घरातले दिसतात. पुरणपोळी आणि कटाची आमटी ही जोडी सगळ्या दख्खनची आहे. तिला निव्वळ मराठी ठरवायची घाई कशाला?

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य दरबारात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मंडक, म्हणजे पोळीच्या जातीचे मांडे, आहेत. पण झणझणीत आमटी त्या मानाने अलीकडची. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली; तोवर तिखटपणा मिऱ्याचा.

खरा बदल प्रेशर कुकरने केला. पातेल्यात डाळ भरपूर पाण्यात शिजायची, कट आपोआप निघायचा. कुकरमध्ये दुप्पटच पाणी घातलं की कट उरतच नाही, मग तूरडाळीच्या वरणाला गोडा मसाला लावून वेळ मारून नेतात. ती कटाची आमटी नव्हे. हरभराडाळीचा स्टार्च आणि तिची चव त्या पाण्यात उतरलेली असते, त्यावरच आमटी उभी राहते. गोड, तुपकट घासानंतर तोंड साफ करते ती चिंच, पण त्या चिंचेला धरून ठेवतो तो कटच.

एक वाटी डाळीला चार वाट्या पाणी, चमचाभर तेल, चिमूटभर हळद, मीठ नको. डाळ बोटाने चेपली जावी, पण विरघळू नये. फार शिजली तर ती कटात जाते आणि पुरण कमी पडतं. कच्ची राहिली तर कणी राहते आणि पोळी लाटताना फाटते. गूळ डाळ पूर्ण शिजल्यावरच, साधारण वाटीला वाटी. आधी घातला तर डाळ टणकच राहते. पुरणात झारा उभा राहिला की उतरवावं आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावं. गार झालं की हात भरून येतात.

आमटीत दोन चमचे पुरण, भाजून वाटलेलं सुकं खोबरं, गोडा मसाला, चिंचेचा कोळ. नैवेद्याची असेल तर कांदा-लसूण नाही. डाळ तळाशी बसते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळूनच वाढावी. उन्हाळ्यात कट लवकर आंबतो. होळीच्या दिवशी काढलेला त्याच दिवशी उकळून फोडणीला टाकावा. उरलेली आमटी दुसऱ्या दिवशी मुरून आणखी छान लागते, फक्त घट्ट होते. गरम करताना तिच्यात उकळतं पाणी घालावं.